धवळीला ऊन लागू नये म्हणून

मगनच्या तीन डुकरिणींपैकी दोन चैत्रातच मेल्या. पहिली मेली तेव्हा गाव पोट धरून हसलं. दुसरी मेली तेव्हा हसण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. आता उरली होती एकटी धवळी, आणि धवळी गाभण होती.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. गाव चोपड्यापासून दोन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या एका अंगाला केळीच्या बागा, आत पाऊल टाकलं की घाम जागच्या जागी जिरावा अशा. दुसऱ्या अंगाला बरड, तिथे दगडसुद्धा उन्हाने तडकतो. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा बाग आणि विहीर थोरल्या तोतारामकडे गेली, बरड धाकट्या मगनकडे आलं. अशी कशी वाटणी, असं विचारायची सोय नव्हती. बाप शेवटचं बोलला तेव्हा उशाशी तोताराम होता. मगन चोपड्याला डॉक्टर आणायला धावला होता. डॉक्टर घेऊन परत आला, तोवर बाप गेला होता आणि विहीरही गेली होती.

मगनने बरडावर चार वर्षं ज्वारी पेरली. एक वर्ष ती गुडघ्याएवढी आली, त्याचा आनंद त्याने आठ दिवस केला. मग गावात एक साहेब आले. चावडीपुढे खुर्ची टाकून त्यांनी सांगितलं की सरकारच्या योजनेत विलायती पांढऱ्या डुकरिणी मिळणार आहेत, एका घराला तीन, आणि एकेक डुकरीण एका वेताला दहा-दहा पिलं घालते. शेतकरी घरांतल्या माणसांनी एकमेकांकडे बघून मिश्यांत हसून घेतलं. गावात डुकरं पाळायची ती वेशीबाहेर राहणाऱ्या वना नावाच्या माणसाने, आणि वनालाही ही पांढरी ब्याद नको होती. मगनने तेवढा हात वर केला. दगडावर बी टाकून थकलेला माणूस कशालाही हात वर करतो.

त्या दिवसापासून तोतारामने विहिरीवरचा त्याचा हंडा बंद केला. "डुकरंना घरना हंडा मन्ही विहिरमा बुडाव नही," एवढंच तो बोलला, आणि तो बोलला म्हणजे झालं. मगनची बायको सुगंधाबाई गावच्या हापशीवर जाऊ लागली. तिथे बायका पदर नाकाला लावून बाजूला सरत, आणि सुगंधाबाईच्या घरचा सुगंध अशी थट्टा करत. सुगंधाबाई खाली मान घालून दांडा हापसत राहायची. दोन हंडे दोघांसाठी, दोन डुकरांसाठी. हापशी उन्हाळ्यात त्याहून जास्त देत नव्हती.

आमच्याकडे सालदार धरतात तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. तोतारामचा सालदार भिकन या आखाजीला काम सोडून सुरतेला जाणार होता, आणि तोतारामने चारचौघांत सांगून ठेवलं होतं: "आखाजीलोंग वाट पाहसू. मगननी डुकरं टाकी द्यावी, आंग धुई यावं, आन सालदारकी धरावी. सख्खा भाऊ शे, उपाशी मरू देनार नही." गावाला यात तोतारामचा मोठेपणा दिसला. मगनला ते ऐकून रात्रभर झोप आली नाही. ज्या बागेत आपण बापाच्या बोटाला धरून फिरलो, तिथे भावाचा गडी म्हणून राबायचं, ओट्याखाली बसून भाकर खायची, आणि हे एकदा सुरू झालं की मरेपर्यंत.

धवळीचे दिवस आखाजीच्या आसपासच भरत होते. ती धड व्यायली, आणि दहातली निम्मी पिलं जरी जगली, तरी भावाच्या दारात जायचं कारण उरत नव्हतं. धवळी गेली की सगळं गेलं.

आणि धवळीला ऊन खात होतं.

पांढऱ्या डुकराची कातडी माणसासारखी असते, गुलाबी, वर केस विरळ. होळी झाली तशी तिची पाठ लाल झाली. मग फोड आले, फोड फुटून खपल्या धरल्या, खपल्या तडकून त्यांतून पाणी येऊ लागलं. कानांच्या कडा वाळून आत मुडपल्या. पाठीला नुसतं बोट लागलं तरी ती मागचे पाय वाकवून खाली बसायची आणि किंचाळायची. तिचं ते किंचाळणं ऐकून सुगंधाबाई भाकर थापता थापता कान झाकून घ्यायची. आधीच्या दोघी अशाच किंचाळून, मग गप्प होऊन, मग धापा टाकून मेल्या होत्या.

गुरांचे डॉक्टर एकदा येऊन गेले होते. भले माणूस. त्यांनी पाठ बघितली, आभाळाकडे बघितलं आणि सांगितलं, "मगनराव, सावली आणि चिखल. याला तिसरं औषध नाही."

सावली म्हणावी तर बरडावर एक बाभूळ, तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी. मगनने कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला. तिसऱ्या दिवशी वावधन सुटलं आणि पऱ्हाट्या पार नाल्यापर्यंत उडाल्या. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. ओलं पोतं पाठीवर टाकलं, तर ऊन ते पाव तासात वाळवून टाकी आणि वाळलेलं पोतं खपल्या ओरबाडी. चिखल करायचा तर दोन हंड्यांत कितीसा होणार? सुगंधाबाई स्वतःच्या आंघोळीचं पाणी तिच्या खड्ड्यात ओतायची. खड्डा ते पाणी पिऊन परत कोरडा.

एकदा मगन मन घट्ट करून भावाच्या बांधावर गेला. केळीचा घड उन्हात आला की उन्हाकडची केळी काळी पडतात, म्हणून आमचे लोक केळीचीच वाळलेली पानं घडावर बांधतात. लहानपणापासून मगनने हजारो घड असे झाकले होते. बागेत त्या पानांचा ढीग पडला होता. तो म्हणाला, "भाऊ, येक मोळी वाळेल पानं दे. मांडववर टाकसू."

तोतारामने त्याच्याकडे नीट बघितलं. "केळनं पान डुकरवर? मन्ही बागमा लक्ष्मी ऱ्हास, मगन."

मगन परत फिरला. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा मग राग आला.

आखाजीला तीन दिवस राहिले होते तेव्हा त्याला वना दिसला. वेशीबाहेर नालीच्या कडेला वना बिडी ओढत बसला होता आणि त्याची काळी डुकरं भर दुपारी नालीत ऐसपैस पसरली होती. मगन बघतच राहिला. ना फोड, ना खपली.

"तुन्ह्या डुकरेसले ऊन लागत नही का रे, वना?"

"काळं आंग शे भो," वना म्हणाला. "धोळाले ऊन खास, काळाले काय करी?"

वना खोटं बोलला नाही. पण त्याची डुकरं नालीच्या पाण्यात होती हे सांगायची त्याला गरज वाटली नाही, आणि मगनला ती नाली दिसली नाही. त्याला फक्त काळा रंग दिसला. दोन दिवस तेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. जेवताना म्हणे, काळं पाहिजे. झोपताना म्हणे, काळं पाहिजे.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तो बन्सीलालच्या पिठाच्या गिरणीवर गेला आणि इंजिनातलं जळकं तेल डबाभर घेऊन आला. हे तेल बन्सीलाल कुणालाही फुकट देई. लोक ते गाडीच्या आसाला घालत, म्हशींच्या उवांवर चोळत. मगनने त्यात तव्यामागची काजळी खरवडून घातली आणि काडीने घोटलं. डांबरासारखं काळंकुट्ट झालं.

सुगंधाबाई दारात उभी राहून बघत होती. "तेल शे ते," ती म्हणाली. "तेल तापस. उन्हमा तळाई जाई ती."

"म्हशीले लावतस ना?"

"म्हशीले हिवाळामा लावतस."

बायकोचं बरोबर आहे, हे त्याला आत कुठेतरी कळलं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला तेल काय करतं ते ठाऊक असणारच. पण आखाजी उद्यावर आली होती, आणि हातावर हात धरून बसणं आता त्याच्याने होत नव्हतं. "तू चूप ऱ्हाय," तो खेकसला, आणि डबा उचलून बाहेर गेला.

तेल सावलीतलं होतं, गार होतं. पहिला हात फिरला तशी धवळी थरथरली, आणि मग चक्क उभी राहिली. किंचाळली नाही. मगनने पाठ, मान, कान, फऱ्या, सगळं हळूहळू माखलं. तिने त्याच्या गुडघ्यावर तोंड टेकलं आणि गळ्यातल्या गळ्यात गुरगुरली, भूक भागल्यावर गुरगुरायची तशी. मगनचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत आपल्या हातून तिला पहिल्यांदा सुख लाभलं असं त्याला वाटलं. पोटाला त्याने तेल लावलं नाही. पोटाला ऊन लागत नाही, आणि तेलही संपलं होतं. काट्यांच्या कुंपणात तिला कोंडून, उरल्यासुरल्या पऱ्हाट्या वर टाकून तो हात पुसायला लागला. हात काही निघेनात.

तेवढ्यात भिकन धावत आला. "मगन भो, तोताराम आबानी बलायेल शे! बागमा रानडुकरं शिरेल शेत. घरमाधून येक येक मानूस चाला, म्हने."

उन्हाळ्यात डोंगरात पाणी आटलं की रानडुकरं खाली उतरतात आणि दिवसा केळीच्या गारव्यात दडून बसतात. कंद उकरून एका दिवसात अर्धी बाग आडवी करतात. दरवर्षी गाव मिळून त्यांना हाकतं. पण वर्षभरात मगनला कुणी कशालाही बोलावलं नव्हतं. तो तसाच, काळ्या हातांनी, भिकनच्या मागे धावत सुटला. सुगंधाबाई हंडा घेऊन हापशीकडे गेली होती.

बांधावर वीसेक माणसं जमेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तोताराम भाले वाटत होता. मगनची पाळी आली तेव्हा तो थबकला, मग हातातला भाला बाजूला ठेवून दुसरा उचलला. वेळूचा जुना दांडा, मुठीशी पितळी कडं. "हाऊ बापना शे," तो म्हणाला. "तूच धर."

मगनने तो दोन्ही हातांनी घेतला. त्या घटकेला तोतारामने त्याला काहीही मागितलं असतं तरी त्याने दिलं असतं.

निम्मी माणसं पलीकडून डबे बडवत बागेत शिरली, निम्मी अलीकडे रांगेत भाले रोखून उभी राहिली. मगन चार ओळी आत होता. बाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना बागेत हिरवा अंधारच दिसतो. डब्यांचा आवाज जवळ आला. उजवीकडून दोन डुकरं मुसंडी मारत फुटली आणि माणसांच्या मधून नाल्याकडे पसार झाली. आरडाओरडा झाला. कुणीतरी पडलं. "आजून शे! आजून येक शे!" भिकन ओरडला.

केळीचे बुंधे हलले. चिखलाने निथळणारं, काळंशार, जाडजूड धूड सरीतून थेट मगनच्या अंगावर येत होतं. रानडुक्कर सरळ आलं की माणसाच्या मांडीची चिरफाड करतं, हे त्याला बापाने याच बागेत शिकवलं होतं. विचाराला वेळ नव्हता. त्याने दांडा कमरेशी घट्ट धरला, पुढचा पाय रोवला, आणि ते हाताच्या अंतरावर येताच फऱ्यामागे भाला घातला.

ते ओरडलं. तो आवाज मगनच्या कानात गेला, पण तोवर पातं पुरं आत गेलं होतं.

"मगननी पाडं! मगननी पाडं!" माणसं धावत आली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. तोताराम आला, खाली पडलेल्या धुडाकडे बघितलं आणि वर्षभरानंतर धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "बापना हात शे तुन्हा," तो म्हणाला. मगनला हसायचं होतं. तोंड हसायला उघडलंही होतं. पण नाकात गिरणीच्या तेलाचा वास येत होता, आणि तो आपल्या हातांचा असेल, आपल्या हातांचाच असेल, असं तो स्वतःला सांगत होता.

दोघा-तिघांनी पाय धरून जनावर उलटं केलं.

ओघळत्या चिखलाखाली पोट पांढरं होतं. पांढरं, गुलाबी, आणि दोन ओळींत टचटचीत फुगलेली थानं.

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी हळू म्हणालं, "ही ते मगननी डुकरीन शे." धरलेले पाय सगळ्यांनी एकदम सोडले. रानातलं डुक्कर उचलायला याच हातांना आता घटकाभरापूर्वी केवढा हुरूप आला होता! आता जो तो सरीच्या पाण्यात हात खळबळत होता. तोतारामनेही मगनच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

मगन खाली बसला. धवळी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं जनावर येई. सकाळी आपल्याच हाताने तिला काळं केलं, तरी मनातली धवळी पांढरीच राहिली होती. ती तेलाने पोळून, कुंपण फोडून, गारव्याच्या वासाने इथे आली होती. चिखलात लोळली होती. आणि इतक्या परक्या माणसांच्या गोंगाटात तिला एकच माणूस ओळखीचा दिसला, म्हणून ती त्याच्याकडे धावत आली होती. मारायला नव्हे. गुडघ्यावर तोंड टेकायला.

सुगंधाबाई पोचली ती हंडा कुठेतरी टाकून. मोडलेलं कुंपण, काट्यांना लागलेलं तेल, त्याच्यामागे खुरांचे माग, असं बघत बघत ती आली होती. ती रडली नाही. सरळ धवळीजवळ बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

"हाली ऱ्हायनात," ती म्हणाली. "पोटमा हाली ऱ्हायनात. काप!"

मगनचे हात उठेनात. तिने भिकनच्या हातातला पानं काढायचा विळा हिसकावला आणि पोट स्वतःच फाडलं. अकरा पिलं निघाली. सात तशीच लोळागोळा. चार जिवंत, तिने बोटाने त्यांची तोंडं पुसली, नाकात फुंकर मारली, आणि मेलेल्या आईच्या थानाला लावली. थान पिळून चीक काढला. दोन पिलांनी चोखला. गावची वीस माणसं भाले टेकवून बघत उभी होती.

सुगंधाबाईने डोक्यावर पदर ओढला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा थोरल्या दिरापुढे तोंड उघडलं. "आबा, आजना दिन यासले सावलीमा ऱ्हाऊ द्या. दिन बुडताच लई जासू."

तोतारामने भोवतालच्या माणसांकडे बघितलं. तो काही राक्षस नव्हता. पण उद्या आखाजी होती, पितरांची घागर भरायची होती, आणि माणसं त्याच्याकडे बघत होती. "बाग शे, माय," तो म्हणाला. "आठे नही."

तिने चारही पिलं पदरात घेतली. दुपारचे दोन वाजले असतील. बागेची सावली संपते तिथे ती जरा थांबली, पदराचं दुसरं टोक पिलांवर ओढलं, आणि बरडावरून घराकडे चालू लागली. मगन तिच्यामागे दहा पावलांवर चालत होता. पिलांवर सावली पडावी म्हणून ती वाकून चालत होती. घरी पोचेपर्यंत तीन थंड झाली होती, त्या उन्हातही थंड. चौथं संध्याकाळपर्यंत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. गावात झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. मगनने हातांना राख चोळली, माती चोळली, रॉकेल चोळलं. नखांभोवतीचं काळं गेलं नाही. तो आंघोळ करून तोतारामच्या दारात उभा राहिला. त्याला ओट्याखाली पत्रावळीवर पुरणपोळी वाढली, तांब्यातलं पाणी वरून ओंजळीत ओतलं. सुगंधाबाई आली नाही. ती बरडावर मोडक्या कुंपणात बसून होती, आणि तिला उठवायला जायची मगनची छाती झाली नाही.

जेवण झाल्यावर तोताराम त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मावळतीनी वळपाईन सुरू कर. तिकडनं ऊन खराब शे."

मगन वाळलेल्या पानांची मोळी घेऊन बागेत गेला. काम हाताच्या ओळखीचं होतं. एकेक घड तो हळू पेलायचा, उन्हाची बाजू बघायचा, पानं पसरायचा आणि केळीच्या बुंध्याच्या सोपटाने बांधायचा. प्रत्येक पानावर त्याच्या बोटांचा काळा ठसा उमटत होता. दिवस बुडेपर्यंत त्याने मावळतीकडच्या दोन्ही ओळी झाकल्या. एकाही घडाला ऊन लागलं नाही.